टाओसची टायरघरे : उष्णतेचा साठा आणि उष्णतेची राखण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी न्यू मेक्सिको ह्या राज्यात, रॉकी पर्वतराजीच्या दक्षिण टोकाशी, टाओस नावाचे एक लहानसे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट उंचीवर वसलेल्या ह्या गावाबाहेरच्या झुडपी माळावर १९७० नंतरच्या काळात घरबांधणीचा एक विलक्षण प्रकार उदयास आला. त्यात भिंतीसाठी दगड, वीट अथवा लाकूड न वापरता मोटारींचे झिजलेले टायर मातीने ठासून भरून रचले जातात. ह्या घरांना त्यांच्या कर्त्याने ‘अर्थशिप’, म्हणजे भूनौका, असे नाव दिले. त्यांच्यासंबंधी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यांतील बरेचसे लेखन भक्तिभावाने तरी झाले आहे किंवा उपहासाने तरी. कडाक्याच्या थंडीत हे घर इंधनावाचून उबदार राहते काय, आणि राहत असल्यास नेमके कशामुळे, हा साधा प्रश्न त्या गदारोळात बराच काळ मागे पडला. त्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास तीस वर्षे का लागली, ह्याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम टायरांचा विचार केला पाहिजे. कारण टायर फुकट मिळत नसते तर ही घरे निर्माणच झाली नसती. चार्ल्स गुडइयर ह्याने १८३९ च्या सुमारास गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची क्रिया शोधून काढली. ह्या क्रियेने रबराचे रेणू एकमेकांशी असे जखडले जातात की उन्हाळ्यात ते चिकट होत नाही व हिवाळ्यात तडकत नाही. पण ह्याच गुणात पुढील संकटाचे बीज होते. लोखंड वितळवून पुन्हा ओतता येते, काचही येते. पक्के केलेले रबर मात्र वितळत नाही. त्यामुळे मोटारींची संख्या वाढली तसे झिजलेल्या टायरांचे ढीग वाढत गेले, आणि १९९० च्या सुमारास एकट्या अमेरिकेत साठलेल्या टायरांची गणना अब्जाच्या घरात होऊ लागली.

हे ढीग निरुपद्रवी नव्हते. व्हर्जिनियातील विंचेस्टरजवळ ऑक्टोबर १९८३ मध्ये पेटलेला असा एक ढीग कित्येक महिने धुमसत राहिला. कॅनडातील हेगर्सव्हिल येथे फेब्रुवारी १९९० मध्ये सुमारे १ कोटी ४० लक्ष टायरांना आग लागली, ती विझविण्यास १७ दिवस लागले आणि जळत्या रबरातून सुटलेल्या तेलाने जमीन व पाणी दूषित झाले. टायरात साचणाऱ्या पावसाच्या पाण्यात डासांची पैदास होते, हा वेगळाच उपद्रव. आशियातील पट्टेरी डासाची एक जात १९८५ मध्ये टेक्सास राज्यात प्रथम वस्ती करून राहिल्याचे आढळले, ती जुन्या टायरांच्या व्यापाराबरोबरच तेथे पोहोचली असे मानले जाते. अशा स्थितीत कोणी टायर नेतो म्हटले तर ढिगाचा मालक त्यास आनंदाने होकार देई, यात नवल नाही.

मायकेल रेनॉल्ड्स ह्यांनी १९६९ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठातून वास्तुशास्त्राची पदवी घेतली व ते टाओसला येऊन राहिले. रस्त्याकडेला फेकलेले बीअरचे डबे आणि घरांसाठी होणारी जंगलतोड ह्या दोन गोष्टींनी त्यांचे मन वेधले होते. रिकामे डबे तारेने एकत्र बांधून त्यांनी एक प्रकारची वीट तयार केली, १९७२ मध्ये तिचे पहिले घर उभारले आणि १९७३ मध्ये तिचे एकस्व मिळविले. टाकाऊ वस्तूपासून भिंत बांधण्याची ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. हाइनेकन ह्या डच मद्य कंपनीसाठी हाब्राकेन ह्या वास्तुशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच, रिकामी झाल्यावर विटेसारखी रचता येईल अशी चौकोनी बाटली तयार केली होती. टाओसपासून फार दूर नसलेल्या कोलोरॅडोतील ‘ड्रॉप सिटी’ ह्या वसाहतीत १९६५ नंतर तरुणांनी मोटारींच्या टपांचे पत्रे कापून घुमटाकार घरे उभी केली होती. त्या चळवळीशी संबंध असलेल्या स्टीव्ह बेअर ह्यांनी १९७२ च्या सुमारास न्यू मेक्सिकोतील कोरालेस येथील आपल्या घराच्या दक्षिण भिंतीत काचेमागे पाण्याने भरलेली पिंपे रचून सूर्याची उष्णता साठविली. शिवाय टाओस गावाला लागूनच मूळ निवासी लोकांचे कच्च्या विटांचे अनेकमजली ‘प्वेब्लो’ आहे. त्यात शतकानुशतके वस्ती असून १९९२ मध्ये त्यास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जाड मातीची भिंत दिवसाची ऊब रात्रीस देते, हे शिकण्यास रेनॉल्ड्स ह्यांना फार लांब जावे लागले नाही. १९७३ च्या तेलसंकटाने इंधनावाचूनच्या घराला अचानक श्रोते मिळवून दिले आणि त्याच दशकात रेनॉल्ड्स ह्यांच्या बांधणीत डब्यांच्या जोडीस टायर आले.

टायरभिंतीची रचना नीट समजून घेतली पाहिजे. जमीन सपाट करून टायरांचा पहिला थर आडवा मांडतात. टायराच्या तळाशी पुठ्ठ्याचा तुकडा घालतात, म्हणजे माती खालून निसटत नाही. मग त्यात फावड्याने माती टाकून ती घणाने कडेकडेने, टायराच्या पोकळ पोटात शिरेल अशी, ठोकतात. टायर फुगून टणक होईतो हे काम चालते. एका टायरात तीन-चार हातगाड्या माती सहज जाते. भरलेल्या टायराचे वजन ३०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १३५ किलोग्रॅमच्या, आसपास होते. तो मग हलविता येत नाही. म्हणून प्रत्येक टायर ज्या जागी राहावयाचा त्याच जागी भरावा लागतो. खालच्या दोन टायरांच्या सांध्यावर वरचा टायर येईल अशा रीतीने, विटांच्या रचनेप्रमाणेच, थरावर थर चढतात, आणि प्रत्येक थर किंचित मागे, म्हणजे मातीच्या बाजूस, झुकता ठेवतात. भिंत सुमारे पावणेतीन फूट जाड होते. तिला वेगळा काँक्रीटचा पाया लागत नाही, कारण ती स्वतःच रुंद पायासारखी असते. आणि टायरातील पोलादी तारांमुळे ती ताणही सोसते. खोलीच्या तीन बाजूंनी, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकारात, अशी भिंत घालून तिच्या पाठीशी छपरापर्यंत मातीचा उतरता भराव रचतात. दक्षिणेकडील चौथी बाजू संपूर्ण काचेची असते. टायरांमधील खाचा डबे व चिखल ह्यांनी बुजवून वर गिलावा केला म्हणजे आत टायर असल्याचा मागमूस राहत नाही. गिलाव्याखाली रबरास ऊन लागत नाही, आणि मातीने गच्च भरलेल्या टायरास जळण्यापुरती हवाही मिळत नाही. उघड्यावरच्या ढिगाचे दोन्ही दोष येथे आपोआप निवारले जातात, ही ह्या रचनेची खरोखर सुरेख बाजू म्हटली पाहिजे.

ह्या कामात यंत्र लागत नाही, मोठे कसब लागत नाही. लागतात ते हात आणि चिकाटी. ज्यांना कर्ज काढून घर घेणे परवडत नव्हते, किंवा कर्ज काढावयाचेच नव्हते, अशा लोकांना तिचे आकर्षण वाटले ते ह्यामुळे. रेनॉल्ड्स ह्यांच्या बांधणीपुस्तकाचा पहिला खंड १९९० मध्ये प्रसिद्ध झाला व पुढील दोन खंड १९९३ पर्यंत निघाले. त्याच सुमारास डेनिस वीव्हर ह्या प्रसिद्ध नटाने कोलोरॅडोतील रिजवे येथे सुमारे ३,००० टायरांचे प्रशस्त घर बांधले. पुस्तके व हे घर ह्यांच्या योगे टायरघराची वार्ता टाओसबाहेर दूरवर पसरली; आणि तिच्याबरोबर एक गैरसमजही पसरला.

तो गैरसमज असा की, पावणेतीन फूट माती व तिच्यामागे आणखी कित्येक फूट माती असल्यावर थंडी आत येईल कोठून? देशावरील माळवदी घरात जो वाढला आहे त्यालाही हा तर्क पटण्यासारखा वाटेल. पण उष्णता साठविणे आणि उष्णता राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. रांजणात पाणी किती मावते हा एक प्रश्न, आणि रांजण पाझरतो किती हा दुसरा. माती हा मोठा रांजण आहे खरा. पण तो पाझरणारा रांजण आहे. ८०० टायरांचे घर धरले तर त्यांतील मातीचे वजन लाखाहून अधिक किलोग्रॅम भरते, आणि तिचे तापमान एका अंशाने उतरले तर विजेच्या भाषेत सुमारे २६ युनिट उष्णता खोलीस मिळते. हा साठा लहान नव्हे. परंतु त्याच भिंतीचा उष्णतेस होणारा अडथळा पाहिला तर तो आपण ज्यास थर्मोकोल म्हणतो त्या जातीच्या फोमच्या अवघ्या अडीच-तीन सेंटिमीटर जाडीच्या पाटीएवढाच ठरतो. दहा सेंटिमीटर फोमचे काम मातीकडून करून घ्यावयाचे तर जवळजवळ तीन मीटर माती लागेल, आणि तीही कोरडी. भिजल्यावर मातीतून उष्णता अधिकच वेगाने वाहते.

दुसरीही एक बाब आहे. दिवसा भिंतीवर पडलेल्या उन्हाची ऊब रात्र होईपर्यंत मातीत फार तर बारा-पंधरा सेंटिमीटर मुरते. दैनंदिन देवघेवीत भिंतीचा एवढाच दर्शनी भाग भाग घेतो. उरलेली दोन फुटांहून अधिक जाडी दिवसांच्या नव्हे तर ऋतूंच्या हिशेबाने तापते आणि निवते. तिच्या मागची जमीन काही मीटर खोलीवर त्या स्थळाच्या वार्षिक सरासरी तापमानाशी जुळलेली असते. टाओसला ही सरासरी ८ ते ९ अंश सेल्सिअस आहे. बाहेर उणे १५ अंश असताना ९ अंशांची जमीन उबदार वाटते हे खरे. पण २० अंशांच्या खोलीच्या दृष्टीने ती ऊब देणारी नसून ऊब शोषून घेणारी आहे. मातीच्या कुशीत घर शिरले म्हणजे त्याला पृथ्वीची ऊब मिळते, हे विधान म्हणून अर्धेच खरे आहे. मिळते ते बोचऱ्या वाऱ्यापासून संरक्षण, आणि थंडीची धार बोथट होते. वीस अंशांपर्यंतचा उरलेला चढ सूर्यालाच चढावा लागतो.

टाओसमध्ये सूर्य तो चढत होता. टाओसचे अक्षांश सुमारे ३६ उत्तर. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य तेथे क्षितिजापासून ३० अंश उंच असतो, म्हणजे दक्षिणेच्या काचेतून थेट मागच्या भिंतीपर्यंत पोहोचण्यास अगदी योग्य. आणि उन्हाळ्यात तो ७७ अंशांवर गेल्याने उभ्या काचेतून फारसा आत येत नाही. वर्षाकाठी पाऊस व बर्फ मिळून पाणी सुमारे ३०० मिलिमीटर. हवा कोरडी, आकाश बहुधा निरभ्र. मातीचा भराव कोरडा राहतो, म्हणून पाझरतो कमी. आणि पाझरले तरी दुसऱ्या दिवशी ऊन ते भरून काढते. पहिले एकदोन हिवाळे घर गार वाटते, मग भिंती ‘मुरतात’, असे बांधणारे सांगत. त्या मुरण्याचा अर्थ एवढाच की घरामागच्या जमिनीला तापविण्याचे कर्ज दोन वर्षे फेडावे लागे. टाओसच्या उन्हाला ते परवडत होते. आणि नेमक्या ह्याच कारणाने रचनेतील उणीव तेथे झाकली गेली.

ह्या उणिवेचे ज्ञान त्या काळी कोणास नव्हते असे मात्र नाही. टाओसपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत लॉस अलामोस येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत जे. डग्लस बाल्कम व त्यांचे सहकारी १९७० नंतरच्या दशकात सूर्यतापित घरांची मोजमापे घेत होते. बाल्कम स्वतः सांता फे येथील ज्या घरात राहत, त्यात काचगृह व खोल्या ह्यांच्यामध्ये कच्च्या विटांची साठ्याची भिंत होती. बाहेरच्या भिंती मात्र उष्णतारोधक थराने वेढलेल्या होत्या. साठा आत, राखण बाहेर, अशी ती स्पष्ट विभागणी होती. मिनेसोटा ह्या अतिथंड राज्यातील विद्यापीठाच्या भूमिगत अवकाश केंद्राने १९७८ मध्ये मातीत दडविलेल्या घरांवर ग्रंथ प्रसिद्ध करून रोधक थर भिंतीच्या बाहेरच्या अंगास कसा घालावा हे सविस्तर दाखविले. माँटाना राज्यातील मिझूला येथील जॉन हेट ह्यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात आणखी एक तोड सुचविली : घराभोवतीच्या जमिनीवर, पृष्ठभागाखाली थोड्या खोलीवर, छत्रीसारखा रोधक व जलरोधक थर पसरावा, म्हणजे छत्रीखालची माती कोरडी राहून उन्हाळ्याची ऊब हिवाळ्यापर्यंत धरून ठेवते.

मग हे ज्ञान टायरघरांपर्यंत वेळेवर का पोहोचले नाही? केवळ अज्ञान हे त्याचे उत्तर नव्हे. एक तर प्रयोगशाळेतील मंडळी आणि माळावर घण मारणारी मंडळी ह्यांची पंगत वेगळी होती. एकांची पुस्तके तक्त्यांनी भरलेली, दुसऱ्यांची हातांनी काढलेल्या चित्रांनी. दुसरे कारण अधिक खोल आहे. टायरघराचे सारे तत्त्व असे होते की समाज जे फेकून देतो त्यातून घर उभे राहावे. फोम हा तर खनिज तेलापासून कारखान्यात तयार होणारा, दुकानातून विकत आणावयाचा पदार्थ. छपरात तो घातला जात होता, कारण छपरावाचून गत्यंतर नव्हते. पण हाताने ठोकलेल्या, जाडजूड, फुकटच्या भिंतीच्या पाठीस विकतचा फोम लावणे म्हणजे त्या भिंतीचा पराभव मान्य करण्यासारखे वाटले असावे. तिसरे कारण असे की तेथे प्रयोगाचा निकाल तापमापकाने लागत नसे, तो राहणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांनी लागे. लोकरीचा स्वेटर घालून समाधानाने राहणाऱ्या माणसाला घर गार आहे असे वाटतच नाही. आणि आपल्या हातांनी ८०० टायर भरलेल्या माणसाला तर नाहीच नाही. ह्यात हसण्यासारखे काही नाही. परंतु अशा साक्षीवर दुसऱ्या देशातील माणसाने आपले घर बांधावे, एवढी ती साक्ष भक्कम नव्हती.

दुसऱ्या देशांत तसे घडले. स्कॉटलंडमधील फाइफ परगण्यात किंगहॉर्न येथील तळ्याकाठी ब्रिटनमधील पहिले टायरघर २००४ मध्ये पुरे झाले. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटनच्या स्टॅनमर उद्यानात त्यानंतर दोनतीन वर्षांत दुसरे उभे राहिले. दोन्ही सार्वजनिक उपयोगाच्या वास्तू असल्याने निजण्याच्या खोलीची कसोटी त्यांना लावावी लागली नाही, हे एका परीने बरेच झाले. ब्रायटनला डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजावर सुमारे १६ अंश चढतो. किंगहॉर्नला साडेदहा अंशांवरच थबकतो. तोही ढगांआड नसेल तर! उलट पाऊस टाओसच्या कितीतरी पट, आणि माती बहुतेक काळ ओली. टाओसमध्ये जे कर्ज दोन वर्षांत फिटे ते येथे वर्षानुवर्षे चालू राहण्याची धास्ती होती. ब्रायटन विद्यापीठातील केनेथ इप व अँड्रयू मिलर ह्यांनी तेथील वास्तूत तापमापके बसवून दीर्घकाळ नोंदी घेतल्या व २००९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. तोपर्यंत ह्या घरांविषयीचा वाद बव्हंशी मतामतांचा होता. आता तो आकड्यांचा होऊ लागला. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठातही २०१४ मध्ये ह्या विषयावर एक विस्तृत प्रबंध सादर झाला.

टाओसमध्येही दरम्यान बदल झाला होता, आणि तो बदल रेनॉल्ड्स ह्यांनी स्वतःच केला हे नमूद करणे न्यायाचे होईल. ‘कोणत्याही हवामानात सुख’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे पुस्तक २००० मध्ये निघाले. त्यात साठा आणि राखण ह्यांची फोड करून साठा आतल्या अंगास व रोधक थर बाहेरच्या अंगास असावा, असे मांडलेले आहे. त्यानंतरच्या नमुन्यांत टायरभिंतीच्या मागे काही फुटांवर, भरावाच्या पोटात, कठीण फोमचा उभा पडदा पुरला जाऊ लागला. त्यामुळे भिंत आणि पडदा ह्यांमधली माती साठ्यात जमा झाली, आणि पलीकडची माती हिशेबातून वगळली गेली. पुढच्या बाजूसही दोन काचा आल्या : बाहेरची काच हरितगृहाची, आतली खोल्यांची. पूर्वी सूर्य मावळताच एकाच काचेतून जी उष्णता निसटे तिला आता हरितगृहाची ओसरी आडवी आली. आणि उन्हाळ्यात तापण्याचा त्रासही त्या ओसरीपुरता राहिला. छपरावरचे पाणी गोळा करून ते वारंवार वापरण्याची योजना, सूर्यविजेचे संच इत्यादी अंगे ह्या घरांत आहेतच. पण त्यांचा येथे विचार करण्याचे प्रयोजन नाही.

ह्या सुधारणेच्या आधीच्या घरांनी मात्र किंमत मोजली. छप्पर गळते, उन्हाळ्यात पुढचा भाग तापतो, हिवाळ्यात पाहिजे तशी ऊब राहत नाही, अशा तक्रारी झाल्या, काही प्रकरणे दाव्यापर्यंत गेली, आणि राज्याच्या वास्तुशास्त्रज्ञ मंडळाशी रेनॉल्ड्स ह्यांचा संघर्ष होऊन त्यांना आपला परवाना गमवावा लागला. टाओसजवळ सुमारे ६३० एकरांवर त्यांनी वसविलेल्या ‘ग्रेटर वर्ल्ड’ वसाहतीचे बांधकामही १९९० नंतरच्या दशकात भूखंडपाडणीच्या नियमांवरून अडले. त्यांचे म्हणणे असे की चुका करण्याची मुभा असल्यावाचून नवे घर शोधता येणार नाही. हे म्हणणे शेवटी विधिमंडळाने अंशतः मान्य केले. प्रायोगिक बांधणीसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद करणारा कायदा न्यू मेक्सिकोत २००७ मध्ये संमत झाला आणि त्याच वर्षी परवानाही परत मिळाला. ह्या लढ्यावर ऑलिव्हर हॉज ह्यांनी काढलेला अनुबोधपट २००७ मध्येच प्रदर्शित झाला, आणि रेनॉल्ड्स जगभर प्रसिद्ध झाले. नियम जाचक होते हे खरेच. पण प्रयोगाचा धोका कोणी पत्करावयाचा, कर्त्याने की राहणाऱ्याने, हा त्या वादाचा गाभा अनुबोधपटातील नायकाच्या छायेत काहीसा झाकला गेला आहे.

त्याच पटात भारताचाही एक तुकडा आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर रेनॉल्ड्स व त्यांचे सहकारी अंदमान बेटांवर गेले आणि तेथील लोकांबरोबर टायर, बाटल्या व पावसाचे पाणी ह्यांवर आधारलेली वास्तू त्यांनी उभारली. तेथील दमट उष्णतेत प्रश्न थंडीचा नव्हता, पिण्याच्या पाण्याचा होता. म्हणून प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो प्रयोग बाजूस ठेवला पाहिजे. टाओसशी खरी तुलना होऊ शकेल असा प्रदेश भारतात एकच, तो म्हणजे लडाख. लेह सुमारे ११,५०० फुटांवर, अक्षांश ३४. डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य ३२ अंशांवर, पाऊस टाओसहूनही पुष्कळ कमी. तेथे टायरांचे ढीग नाहीत, मातीची मात्र परंपरा आहे. फेलिक्स ट्रोंब ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी, काळ्या रंगाची व काचेने झाकलेली साठ्याची भिंत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लेहमध्ये दाखविण्यात आली. पुढे लेहनजीक फे येथील ‘सेक्मोल’ संस्थेच्या आवारातील ठोकलेल्या मातीच्या इमारतींत आणि इतर सूर्यतापित घरांत ही कल्पना रुजली. त्यांतील पुष्कळ घरांत बाहेरची भिंत दुहेरी घालून मधल्या पोकळीत पेंढा, भुसा अथवा लाकडाचा कीस भरतात. राखणीचे काम जेथे फोमने होते तेथे ते शेतातल्या व सुताराच्या टाकाऊ मालानेही होऊ शकते, हे लडाखी गवंड्यांनी दाखविले. टाकाऊ वस्तूंच्या प्रेमापोटी फोमला नाके मुरडणाऱ्या टाओसकरांना ही युक्ती सुचली नाही, ह्याचे थोडे आश्चर्य वाटते. अर्थात भरावाच्या ओलीत पेंढा कुजला असता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. लडाखी भिंत उघडी उभी असते, टाओसची पुरलेली.

टायरांच्या पुरवठ्याची स्थितीही आता पूर्वीची राहिलेली नाही. मिनेसोटाने १९८५ मध्ये टाकाऊ टायरांसंबंधी पहिला कायदा केला, इतर राज्यांनी त्याचा कित्ता गिरविला. आणि सिमेंटच्या भट्ट्यांत टायर इंधन म्हणून जळू लागल्यावर अमेरिकेतील जुने ढीग ओसरत गेले. युरोपीय संघाने अखंड टायर जमिनीत पुरण्यास २००३ पासून व तुकडे केलेले टायर पुरण्यास २००६ पासून बंदी घातली. टायरघरे हा ह्या प्रश्नावरचा तोडगा होईल असे त्यांच्या पुरस्कर्त्यांना एके काळी वाटत होते. परंतु एका घरात हजारभर टायर खपले तरी अब्जाचा ढीग संपविण्यास दहा लक्ष घरे लागली असती. तेवढी घरे उभी राहण्याचा संभव कधीच नव्हता.

राहता राहिली ती १९९० च्या आगेमागे बांधलेली, भरावात फोमचा पडदा नसलेली घरे. त्यांची दुरुस्ती सोपी नाही. आतल्या बाजूने रोधक थर लावावा तर खोली आणि साठ्याची भिंत ह्यांचा संबंध तुटतो, आणि ज्यासाठी ८०० टायर भरले ते कामच बंद पडते. बाहेरून लावावा तर छपरापर्यंत चढलेला भराव उपसावा लागतो, आणि तो उपसताना भिंतीला पाठीमागून मिळणारा आधार काही काळ जातो. म्हणून व्यवहारात उरतात ते तीन उपाय : छपरातील थर वाढविणे, काचेआड दुसरी काच अथवा रात्री ओढावयाचे जाड पडदे बसविणे, आणि हेट ह्यांच्या छत्रीप्रमाणे भरावाच्या पाठीवरून रोधक व जलरोधक थर आडवा पसरून वर वीतभर माती टाकणे. ह्या तिसऱ्या उपायात भिंतीला हात लावावा लागत नाही. भराव कोरडा राहतो. आणि घरामागच्या ज्या मातीत पहिल्या दोन हिवाळ्यांची ऊब मुरली होती तिचा काही भाग साठ्यात परत येतो.